मामाचा वाजता पाट

सुकन्याने बाळारामला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यातून धूर निघत होता. हे वर्णन अलंकारिक नाही. धूर खरा होता आणि त्याला जळक्या केसांचा वास होता.

सन दोन हजारच्या सुमाराची गोष्ट. अकलोलीला सुकन्याच्या मावसभावाची हळद होती आणि भिवंडीहून 'भरती म्युझिकल पार्टी' नावाचा वाजवणाऱ्यांचा ताफा आला होता. ढोलकी, बेंजो, कीबोर्ड अशी शहाण्यासारखी वाद्यं पुढे मांडलेली, आणि मागे गुरांच्या गव्हाणीएवढी एक लाकडी पेटी. पेटीपाशी काडीसारखा एक माणूस गळ्यात गिटार अडकवून, दोन्ही हातांत एकेक वायर धरून उभा होता. त्याने एकदा विजेच्या खांबाकडे पाहिलं, एकदा देवाकडे पाहिलं आणि वायरी जोडल्या.

पुढे काय झालं याबद्दल अकलोलीत आजही एकमत नाही. काही जण सांगतात की मांडवाचा मधला खांब हातभर वर उडाला आणि इमानदारीने परत त्याच खड्ड्यात येऊन बसला. काही सांगतात की वज्रेश्वरीपासून गणेशपुरीपर्यंतचे दिवे तर गेलेच, पण गरम पाण्याच्या कुंडांचाही जोर उतरला, आणि कुंडात बसलेल्या एका म्हातारबुवांना त्या दिवशी जी सर्दी झाली ती त्यांच्याबरोबरच गेली. नवरदेवाच्या अंगावरची हळद एका बाजूने भाजली, त्यामुळे तो लग्नाच्या फोटोंत उजवीकडून अधिक गोरा आला आहे. हा फोटो मात्र कोणीही पाहू शकतं.

सुकन्या पाण्याचा तांब्या घेऊन धावली. धुरातून आवाज आला, अगदी शांत, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा.

"पानी नको. करंट हाय. माती टाक."

तिने अंगणातली ओंजळभर माती उचलली आणि त्याच्या डोक्यावर ओतली.

"माज्यावर न्हाय गो. पेटीवर."

त्यानंतर कंदिलाच्या उजेडात त्याने पेटीची पाठ उघडली, आत कोपरापर्यंत हात घातला, दातांनी एक वायर सोलली, कोणाच्या तरी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद मागून घेतला, आणि वीज परत आली तेव्हा पेटी वाजायला लागली. सगळ्या मांडवाने त्याला विनवलं होतं की बाबा रे, आजच्या दिवस ती पेटी बाजूला ठेव, ढोलकी पुरे आहे. तो म्हणाला, "ही वाजल्याशिवाय मी जेवनार न्हाय." सुकन्याचे वडील लडकू हे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले की या माणसाला कोण शहाणा बाप मुलगी देईल. लग्नाच्या वयाची मुलगी शेजारी उभी असताना असली वाक्यं बोलू नयेत. वर्षाच्या आत लडकूंना ती द्यावी लागली.

बाळाराम केणे राहायचा दापोड्याला आणि कामाला भिवंडीत, मोटर वायंडिंगच्या दुकानात. भिवंडीत लूमची मोटर जळली नाही असा दिवस उगवत नाही. जळलेली तांब्याची तार उपटायची, नवी तार मोजून भरायची, वॉर्निश ओतायचं आणि मोटर परत लूमवर पाठवायची. हे झालं पोटाचं. पण बाळारामचा जीव होता गिटारीत, आणि त्याचा एक नियम होता. वाजवायचं ते स्वतः केलेलंच. दुकानातली गिटार, दुकानातला अॅम्प्लिफायर, दुकानातलं काहीही त्याला चालत नसे. कोणी कारण विचारलं तर म्हणे, "दुकानातलं वाजवायला मी काय दुकानदार हाय?" यावर समोरच्याला उत्तर सुचत नसे, कारण प्रश्नच समजत नसे.

तारा तेवढ्या तो मुंबईहून विकत आणायचा. आधी स्कूटरच्या क्लचची वायर उलगडून लावून पाहिली होती. बोटं फाटली आणि आवाज स्कूटरचाच येत राहिला. तारांची गोष्ट घरात बोलायची नाही असा सुकन्याला दम होता.

बाकी सगळं घरचं. गिटारची मान केली होती लूमच्या दांड्यांची. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला इकडून तिकडे फटका मारणारी जी लाकडी दांडी असते ती जन्मभर मार देऊन देऊन लोखंडासारखी झालेली असते. तशा मोडक्या दांड्या जुळवून, सरसाने चिकटवून, काचेच्या तुकड्याने घासून त्याने मान बनवली. तारांखाली जे पिकअप बसवतात, म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं गुंडाळं, ते वायंडिंगच्या मशीनवर भरलं. लग्नानंतर ते बदललं तेव्हा वेढे मोजायला सुकन्याला बसवलं होतं. तिचं लक्ष निम्म्या वेढ्यांनंतर गॅसवरच्या दुधाकडे गेलं आणि पुढचे वेढे तिने अंदाजाने मोजले. त्या पिकअपचा आवाज सगळ्यांत गोड निघाला. बाळारामने नंतर तसंच पुन्हा करण्यासाठी मुद्दाम दूध उतू घालायला लावलं, पण आवाज काही तसा आला नाही. नुसता गॅस माखला.

पेटीचं नाव रेडा. कापडाच्या गाठी बांधून येतात त्या खोक्यांची लाकडं, त्यात कुठल्या तरी बंद थिएटरातला स्पीकर. लूम चालू असले की भिवंडीची वीज अशक्त होते, पंखे नुसते विचार करत फिरतात. अशा विजेवरही रेडा हंबरायचा. आणि लोडशेडिंग आलं की ट्रकच्या बॅटरीवर हंबरायचा. आवाज ओढून घेणारं पायाचं पेडल केलं होतं सुकन्याच्या लग्नातल्या शिलाई मशीनच्या पायट्याचं. तेव्हापासून सुकन्या ब्लाउज हातानेच शिवत असे आणि शेजारणींना सांगत असे की मशीनचा टाका आपल्याला आवडत नाही.

आणि गिटारचं धड. तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

धड होतं पाटाचं. बाळारामच्या आईचा सागाचा पाट, कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेला. त्या पाटावर आईला हळद लागली, पुढे त्याची मोठी बहीण तुळजा हिला लागली. आई गेल्याच्या वर्षी बाळारामने पाट करवतीने कापला, कमरेशी आत घेतला, आणि गिटार केली. एक पितळी फूल त्याने खालच्या कोपऱ्यात राखलं होतं. त्याचं म्हणणं असं की आईनेच जिवंतपणी सांगितलं होतं, "चुलीत जाण्यापरीस वाजूदे." आई हे खरं सांगायला उरली नव्हती आणि तुळजाने ते मानलं नव्हतं. तिने भावाशी बोलणं सोडलं नाही, आगऱ्यांच्या घरात बोलणं सोडून चालत नाही, भांडायचं कसं मग? पण त्या गिटारीकडे तिने कधी डोळा उचलून पाहिलं नाही. गिटार दिसली की ती मान वळवायची, जशी परपुरुषापुढे वळवतात.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग भरतीला ओहोटी लागली. मानकोलीच्या नाक्यावर गोदामं उठली, खाडीकाठच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. ढोलकीवाल्याने शेत विकून मोठी गाडी घेतली, बेंजोवाला जमिनीची दलाली करायला लागला, कीबोर्डवाला गोदामात सुपरवायझर झाला आणि कॉलरला पेन लावून हिंडू लागला. हळदीला आता डीजे यायचा. ट्रकभर स्पीकर, त्यांच्या दणक्याने मांडणीवरची भांडी आपोआप उतरून यायची. पार्टीत राहिला एकटा बाळाराम. पार्टीचं नाव त्याने बदललं नाही. कार्डावर अजूनही लिहिलेलं होतं, 'आमच्याकडे सर्व वादक उपलब्ध'.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तुळजाच्या मुलाचं, भाविकचं लग्न ठरलं. तुळजाचा नवरा केसरीनाथ म्हणजे मानकोलीतलं बडं प्रस्थ. गळ्यात साखळी, हातात साखळी, गाडीच्या आरशालाही साखळी. आमंत्रणाला दोघं दापोड्याला आली. सुकन्याने चहा टाकला. केसरीनाथ खुर्चीत बसला आणि कोपऱ्यातल्या रेड्याकडे पाहून म्हणाला, "हे भंगार अजून उचललं न्हाय?"

"भंगार कवा तरी तुमच्या गोदामात ठेवू, भावजी," बाळाराम म्हणाला. "तितं शोभून दिसंल."

"तेच बोलायला आलोय. गोदामाच्या गेटवर मानूस पायजे. बसायचं, गाड्यांचे नंबर लिवायचे, पंखा हाय, टीव्ही लावून देतो. हळद झाली का सोमवारी ये."

"ही गिटार वाजतेय तवर मी कोनाच्या गेटवर बसनार न्हाय."

"वाजतेय कुठं? दोन वर्षांत कोनी बोलावला का तुला?"

"गिटार वाजतेय का ते विचारा. कोनी ऐकतंय का ते मी बोललो न्हाय."

सुकन्याने मध्येच चहा दिला. तुळजाने कप हातात घेतला, कोपऱ्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "बाल्या, नीट ऐक. डीजे सांगितलाय कल्यानचा. मामाचा आहेर घेऊन तू वाजत यायचंस, तेचा टेम्पो तुला न्यायला येईल. ते तुजं खोकं मांडवात आनायचं न्हाय."

"मग मी कशाला येऊ?"

"मामा हाय म्हनून. आनि पाट आन. मामाच्या पाटाबिगर हळद लागत न्हाय, तुला ठाव हाय."

पद्धत खरीच होती. नवऱ्याचा मामा पाट घेऊन, वाजतगाजत मांडवात येतो. त्या पाटावर नवरा बसतो. मगच धवलारीण धवले म्हणायला लागते आणि हळदीचा हात फिरतो. धवलारीण म्हणजे लग्नातले सगळे विधी गाऊन चालवणारी बाई. भटजी चुकला तर चालतो, धवलारीण चुकत नाही.

केसरीनाथने गोडीत सांगून पाहिलं, "पाटाचं काय घेऊन बसलीस? चांदीचा मुलामा दिलेलं सिंहासन सांगितलंय डेकोरेशनवाल्याला."

"सिंहासनावर रातभर बसवा त्याला. हळद पाटावर लागंल." तुळजा उठली. "आयचा पाट कापताना तुला भाच्याची हळद आठवली न्हाय. आता कुठून आनायचा तिथून आन."

दोघं गेली. बाळाराम दारात उभा राहिला, मग आत येऊन गिटारीवरची धूळ उगाच फडक्याने पुसत बसला. धूळ नव्हतीच. सुकन्याला त्याचा राग ओळखू येत असे. रागावला की तो खूप बोलायचा. आज काही बोलत नव्हता, म्हणजे दुखावला होता, आणि हे तिला सहन होत नसे. त्यापेक्षा रेड्याचा स्फोट बरा.

"अवो," ती म्हणाली, "वन्स काय बोलल्या? आयचा पाट आन, बोलल्या ना?"

"टोमना मारला."

"टोमना का असंना. बोलल्या ना? मग आयचा पाट घेऊन जावा. हातातच हाय तुमच्या."

बाळारामने फडकं खाली ठेवलं. त्याने गिटारीकडे पाहिलं, पितळी फुलाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. अकलोलीला डोक्यावर माती पडली होती तेव्हाही त्याने तिच्याकडे असंच पाहिलं होतं.

"आनि मामाचा पाट," तो हळूहळू म्हणाला, "वाजत येतो."

"वाजतच यायला पायजे," सुकन्या म्हणाली. "रीतच हाय."

हळदीच्या दिवशी दुपार कलल्यावर डीजेचा टेम्पो दापोड्याला आला, तेव्हा बाळारामच्या दाराशी एक हातगाडी उभी होती. कापडाचे तागे ओढणारी, चार माणसांची. तिच्यावर रेडा सुतळीने बांधला होता, शेजारी ट्रकची बॅटरी आणि पायटा, वर आहेराची परडी: नारळ, भाच्याचे कपडे, बहिणीची साडी. बाळारामने पांढरा शर्ट घातला होता, केस धुतले होते, गळ्यात गिटार आणि गिटारीला झेंडूचा हार.

टेम्पोवाला म्हणाला, "बसा ना भाऊ, एसी आहे."

"मामाचा पाट पायी जातो," बाळाराम म्हणाला आणि त्याने पहिला सूर काढला.

दापोड्यापासून मानकोलीपर्यंतचा रस्ता कंटेनरांचा. त्या रस्त्याने माणूस पायी जाताना दिसला तर तो हरवलेला आहे असंच लोक समजतात. त्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली. पुढे बाळाराम वाजवतोय. मागे सुकन्या आणि भावकीतल्या तीन बायका हातगाडी ढकलतायत. त्यांच्यामागे रिकामा एसी टेम्पो. आणि टेम्पोच्या मागे कंटेनरांची रांग, चाळीस चाळीस फुटांची, हॉर्न देत. बाळाराम हॉर्नच्या सुरात सूर मिळवत होता. गिटारीची वायर हातगाडीएवढीच लांब असल्यामुळे त्याला फार पुढे जाता येत नव्हतं. खड्डा आला की हातगाडी थांबे, वायर ताणली जाई आणि मामा दाव्याला बांधलेल्या बैलासारखा मागे ओढला जाई. भावकीतल्या बायका हसून हसून ढकलायच्या विसरत होत्या. एकीने विचारलं, "सुकन्या, तुज्या नवऱ्याला दावं मोठं बांध ना जरा." सुकन्या म्हणाली, "मोठं बांदलं तर सुटून जाईल. आता हाय ते बरं हाय."

एका कंटेनरवाल्याने काच खाली करून विचारलं, "किसका बारात है भाई?"

"लकडी का," बाळाराम म्हणाला. आणि ते बरोबरच होतं.

मांडव लांबूनच दिसला. दाराशी थर्माकोलचा राजवाडा, आणि राजवाड्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या स्पीकरांच्या भिंती. डीजे दीपेश, कल्याणचा, डोळ्यांवर गॉगल, कानांवर हेडफोन. त्याला केसरीनाथने सांगून ठेवलं होतं. हातगाडी दारात पोचली आणि भिंती बोलायला लागल्या.

सुकन्याला पहिला ठोका छातीत लागला, दुसरा पायांत. हातगाडीवरचे नारळ एकमेकांवर आपटू लागले. बाळारामची बोटं तारांवर फिरताना दिसत होती, रेड्याचा स्पीकर थरथरताना दिसत होता, पण आवाज म्हणाल तर काडीचा नाही. समुद्रात थुंकावं तसं.

बाळारामने पायटा खाली उतरवून दाबला. काही नाही. त्याने दुसरं गाणं धरलं. हे सुकन्याला नुसत्या बोटांवरून कळलं.

केसरीनाथ दारात आला, हात जोडले, आत या अशी खूण केली. मग गिटारीकडे बोट करून, ती बाहेर, अशी खूण केली. बाळारामने दोन्ही खुणांना मान हलवून नकार दिला आणि वाजवत राहिला. केसरीनाथ आत गेला. मग एक चुलता आला, त्याने कानाशी तोंड नेऊन समजावलं. मग एक आत्याबाई आली, तिने गालाला हात लावून समजावलं. बाळाराम सगळ्यांना मान देऊन नमस्कार करायचा आणि पुन्हा वाजवायला लागायचा. मांडवात जमलेली माणसं एकेक करून बाहेर येऊन पाहू लागली. एक माणूस जिवाच्या आकांताने गिटार वाजवतोय आणि ती ऐकूच येत नाही, असा कार्यक्रम मानकोलीत याआधी झाला नव्हता.

आत भाविक उघड्या अंगाने, कमरेला टॉवेल गुंडाळून उभा होता. सिंहासन रिकामं. त्याच्यासमोर धवलारीण धोंडूबाई भिंतीला टेकून, पाय पसरून, तंबाखू मळत बसली होती. केसरीनाथने तिला विनवलं, "आजी, सुरू करा ना. पोऱ्याला मच्छर खातायत."

"मामा कुठाय?"

"हाय दारात."

"दारातल्या मामाचा धवला मना येत न्हाय," धोंडूबाई म्हणाली. "आत आला का सांग."

शेवटी तुळजाच उठली. तिच्या हातात हळदीची वाटी होती, ती ठेवायचंही भान राहिलं नाही. ती गर्दीतून बाहेर आली, डीजेच्या टेबलापाशी गेली आणि दीपेशला काहीतरी म्हणाली. त्याने हेडफोनकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही म्हणून. तुळजाने हळदीने माखलेली पाची बोटं त्याच्या टेबलावरच्या चकचकीत बटणांच्या दिशेने नेली. दीपेशला सगळं ऐकू आलं. त्याने आवाज बंद केला.

एवढी शांतता झाली की मांडवामागच्या चुलीवरचं मटण रटरटताना ऐकू आलं. आणि त्या शांततेत रेडा.

बाळाराम त्या वेळी वाजवत होता ती चाल कुठल्या सिनेमाची नव्हती. त्याची आई जात्यावर बसून गुणगुणायची ती चाल होती. शब्द कोणालाच आठवत नव्हते, तुळजालाही नाही. ती वाटी धरून उभी राहिली. बाळारामचे डोळे मिटलेले होते, कारण गेला अर्धा तास तो स्वतःलाही ऐकू येत नव्हता आणि आता एकदम आला तेव्हा जरा दचकला होता. चाल संपली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत; हळदीत टाळ्या वाजवत नाहीत.

"पाट कुठाय?" तुळजाने विचारलं.

"ह्यो काय."

"ही गिटार हाय."

"तुला गिटार दिसते. मना पाटच दिसतो. तुजं लगीन झालं तेच लाकूड हाय, तेच फूल हाय. तू बोललीस आयचा पाट आन. आनला. वाजत आनायची रीत, वाजत आनला. आता मी कुठं चुकलो ते सांग, बाय, मी हातगाडी वळवून घरी जातो."

तुळजाने आठ-नऊ वर्षांत पहिल्यांदा गिटारीकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यातलं पितळी फूल पुसून पुसून लखलखत होतं. तिने बोट हळदीत बुडवलं आणि त्या फुलाला लावलं. मग सगळा हात बुडवला आणि धडावरून फिरवला, तारांवरून, दुधाच्या पिकअपवरून, वरपासून खालपर्यंत, जशी हळद लावतात तशी. रेड्यातून खरखरखर असा आवाज आला.

"ये आत," ती म्हणाली. "वाजव."

केसरीनाथ काही बोलणार होता, पण बायकोच्या हाताला अजून हळद होती आणि त्याचा झब्बा नवा होता.

तर बाळाराम मांडवात शिरला, वाजवत. राजवाड्याखालून, स्पीकरांच्या मुक्या भिंतींमधून, सिंहासनाला वळसा घालून. मागून हातगाडी आत आणली, कारण वायर तेवढीच होती. लोकांनी वाट करून दिली. ज्यांनी दोन वर्षांत त्याला बोलावलं नव्हतं त्यांच्यापैकी प्रत्येकासमोर तो क्षणभर थांबला आणि प्रत्येकासाठी एक जोरदार तुकडा वाजवला, कानठळ्या बसतील असा. ढोलकीवाला, बेंजोवाला, कीबोर्डवाला तिघेही होते. कीबोर्डवाल्यापुढे तो जास्त वेळ थांबला. कीबोर्डवाल्याने कॉलरचं पेन काढून खिशात टाकलं. सुकन्याने पदर डोक्यावरून नीट घेतला आणि आपण या माणसाच्या कोण लागतो हे सगळ्यांना दिसेल अशा जागी उभी राहिली.

धोंडूबाईने तंबाखू तोंडात टाकली. "मामा आला. मांड पाट."

बाळारामने इकडेतिकडे पाहिलं.

"मांड ना," धोंडूबाई म्हणाली. "पोऱ्या कवाचा उबा हाय."

"आजी, ह्यो तसा बसायचा न्हाय," बाळाराम म्हणाला. "म्हंजे... ह्यो वाजायचा हाय."

"पाट हाय का न्हाय?"

तुळजा त्याच्याकडे पाहत होती. केसरीनाथच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू उमटलं. ही अक्कल सुकन्याची होती आणि ती अशी फिरून येईल हे तिने धरलं नव्हतं. बाळारामने तिच्याकडे पाहिलं. ती 'नाही म्हणा' असं डोळ्यांनी सांगत होती. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण मग दारातली सगळी बात खोटी झाली असती, आणि बाळाराम केण्याने आयुष्यात बोललेला शब्द एकदाही मागे घेतला नव्हता, चुकलेला असला तरी.

"पाट हाय," तो म्हणाला. "आयचा हाय."

त्याने गळ्यातून पट्टा काढला. गिटार जमिनीवर ठेवली, तारा वर करून, कारण पाट पालथा मांडत नाहीत. हार नीट केला. आहेरातली साडी घडी करून तिच्यावर ठेवायला गेला, तर धोंडूबाई म्हणाली, "मधी काय घालू नको. लाकूड लागायला पायजे अंगाला."

"हळू बस, भाविक," मामा म्हणाला.

भाविक हा गुणी मुलगा, पण दोन वेळा जेवणारा आणि मध्ये खाणारा. गोदामाच्या शटरएवढा रुंद. तो मामाला दुखवायचं नाही म्हणून खरंच हळू बसला. वायर काढायची मात्र सगळेच विसरले होते. भाविक टेकला आणि रेड्याने असा काही हंबरडा फोडला की मांडवातली कबुतरं उडाली, थर्माकोलच्या राजवाड्याचा एक मनोरा वाकला, आणि डीजे दीपेश गॉगल काढून जवळ येऊन आदराने पाहायला लागला.

"भाऊ," त्याने बाळारामला हळूच विचारलं, "हा इफेक्ट कुठल्या पेडलवर येतो?"

"भाच्यावर," बाळाराम म्हणाला.

धोंडूबाईने धवला धरला. भाविकला हळद लागली: तुळजाची, केसरीनाथची, आत्यांची, चुलत्यांची, मग सगळ्या गावाची. तेल ओघळलं, पाणी ओघळलं. भाविक जरा हलला की रेडा गुरगुरायचा, आणि बायका हसायच्या, आणि धोंडूबाई हंबरण्याच्या वर आवाज चढवून गायची. मानकोलीत अशी हळद झाली नाही असं सगळे म्हणाले. बाळाराम पाटाशेजारी उकिडवा बसून होता. प्रत्येक येणाऱ्याला तो ताठ मानेने सांगत होता, "सागाचा हाय. घरचा हाय." सुकन्या त्याच्या मागे उभी होती. तिने त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, लोकांना वाटावं हळद लावतेय.

गिटारीची मान सांध्यातून सुटल्याचा आवाज झाला तेव्हा धवला चालू होता, त्यामुळे तो फक्त त्या दोघांना ऐकू आला.

तेल लाकडात मुरलं होतं, त्यावर सरस धरेना. गिटार पुन्हा वाजली नाही. पावसाळा संपल्यावर बाळाराम केसरीनाथच्या गोदामाच्या गेटवर बसायला लागला. त्याची ड्युटी सकाळची आहे.